कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ

शहरोशहरी हिंडून जुन्या इमारतींचे फोटो काढणाऱ्या माणिकरावांनी परभणीच्या आपल्या दुकानात गंगाखेडच्या वेशीचा फोटो दर्शनी लावला, तेव्हापासून ती बाई दर बाजाराला दारात येऊन उभी राहायची. फोटोतल्या भिंतीवर बोट फिरवायची नि निघून जायची. रझाकारी सरून दोनच वर्षं झालेली. कोण कुणाचा माग काढतंय, सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या बाजाराला माणिकरावांनी तिला हटकलंच. "कुणी धाडलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. ह्यो फोटू तुमीच काढला का?"

"मीच. का बरं?"

"मंग भितीतली तीन भोकं कुठं गेली?"

माणिकरावांचा जीव भांड्यात पडला. ते हसले. "भोकं कुठली, बाई! कॅमेऱ्यातल्या काचेवर धूळ बसली की फोटोत काळे ठिपके उमटतात. मी बारीक पेन्सिलीनं त्या काचेच्या निगेटिव्हवरच भरून काढले. कशी साफ झाली बघा भिंत!"

बाईनं फोटोतल्या भिंतीच्या खालच्या अंगाला बोट टेकवलं.

"वरची दोन ऱ्हाऊ द्या, भाऊ. ह्ये खालचं तेवढं व्हतं तसं करा. आमच्या मालकाच्या छातीतून निघालेली गोळी तितं शिरली व्हती."