साहेब हसेल म्हणून

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एका इंग्रजी क्रियाविशेषणाच्या जोरावर मी चार एकर जमीन सोडवून आणलीय. टिटवाळ्याच्या काळुरामची, लढाईच्या वेळी छावणीसाठी घेतलेली. लढाई संपल्यावर नोटीस निघाली, जमीन परत हवी असेल त्यानं महिन्याच्या आत अर्ज करावा. काळुराम माझ्या ओट्यावर आला. कल्याणात माझ्यासारखं इंग्रजी लिहिणारा दुसरा होताच कोण! मी अर्जात 'हंबली' घातलं, म्हणजे 'नम्रपणे'. आणि ते अशा नेमक्या जागी बसवलं, की वाचता वाचता साहेब खुर्चीवरून उठला, हॅट काढली आणि म्हणाला, "या माणसाची खाली घातलेली मान मला कागदावर दिसतेय. द्या त्याची जमीन!"

माझी ही गोष्ट ऐकून चहाच्या दुकानातले सगळे हसले. काळुरामची मुलगी सगुणा डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली.

"नाना, साहेबानं अर्ज वाचला कधी? महिनाभर माझा बापूस रोज तुमच्या ओट्यावर येऊन बसायचा. तुम्ही म्हणायचे, 'थांब रे, हंबली अजून नीट बसलं नाही, साहेब हसेल.' मुदत संपली त्या सांजेलाही तुम्ही तो एक शब्द पुढेमागे करीत होता."

तिनं भारा सावरला.

"हे गवत आमच्याच जमिनीतलं आहे. कापायला छावणीचा पास काढते मी."