ऑक्टोबरची छाटणी

स्वानंदी ऑफिसमधून आली तेव्हा अंगणातली कमरेएवढी फ्युशिया घोट्याएवढी उरली होती. फांद्या कुंपणाशी रचलेल्या होत्या. त्यांवरची लाल-जांभळी फुलं अजून टवटवीत होती.

तिचे सासरे दिगंबरराव कात्री पुसत होते. पुण्याच्या गच्चीवर ते दर ऑक्टोबरला गुलाबांची छाटणी करत. इथे परदेशात, मुलाकडे बॉथेलला येऊन महिना झाला, नुसतं बसून हात शिवशिवत होते, असं म्हणाले. आता बघ कशी फुटते, असंही म्हणाले.

पहाटे पारा शून्याखाली जाणार, अशी सूचना स्वानंदीच्या फोनवर आलेली होती. आवाज न चढवता तिने सांगितलं की इथे फ्युशिया वसंताआधी छाटत नाहीत. जुन्या फांद्या हेच तिचं पांघरूण. ते गेलं की थंडी थेट बुंध्यात उतरते.

दिगंबररावांनी कात्री खाली ठेवली.

"अगं, नर्सरीत दुसरी मिळेल, यार," अमेय दारातून म्हणाला. बायकोने आणि वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो आत गेला.

"शेंड्यांची कलमं लावतो," दिगंबरराव म्हणाले. "किचनच्या खिडकीत ठेवू. दहा-बारा तरी जगतील."

"लावा ना. पण मला हीच हवीय, बाबा."

कुंडीत लाव, थंडीत गॅरेजमध्ये ने, असं सगळ्यांनी सांगूनही तिने ती जमिनीत लावली होती. तीन हिवाळे जगवली होती.

"लावताना किती खोल लावलीस?"

"बुंधा वीतभर मातीत आहे."

"मग वाचेल." ते बुंध्याशी उकिडवे बसले. "वाचवू."

उजेड होता तोवर दोघांनी बुंध्याभोवती मेपलचा पाला रचला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कापलेल्याच फांद्या आडव्या-उभ्या घातल्या. तरी मागची बाजू उघडी राहिली. अंगणातला पाला संपला होता.

"जगली की नाही, कळणार कधी?" दिगंबररावांनी विचारलं.

"मेमध्ये."

"आणि मेमध्ये नाही फुटली तर?"

"मग जूनपर्यंत थांबायचं."

समोरच्या शेजारणीने आपल्या फाटकाशी पाल्याचा ढीग लावून ठेवला होता. महिनाभरात दिगंबरराव तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. इंग्रजी बोलायचा त्यांना संकोच वाटे. त्यांनी पाल्याची रिकामी पिशवी झटकली, रस्ता ओलांडला आणि तिच्या दाराची बेल दाबली.