सांगितली सीताफळं, आली कोहळी

उन्नतीनं सीताफळं सांगितली होती, आणि टेबलाटेबलावर कोहळी येऊन बसली होती.

गोल, गलेलठ्ठ कोहळी, लाल भोपळे म्हणतात ती. भोवती झेंडूचं कडं, कडेनं आवळे आणि शिंगाडे. दुर्गजवळच्या रुआबांध्यातल्या त्या हॉलमध्ये उन्नती हळदीच्या हातांनी उभी होती. तिच्यामागे तिची आई, रंभा. संध्याकाळी वरात यायची होती.

सजावटवाला हात जोडून म्हणत होता की मॅडमनीच फोनवर सीताफल सांगितलं, मौसम का फल, बड़े बड़े. तो दिल्लीकडचा. त्याच्या गावी ज्याची भाजी करतात ते सीताफल, आणि हिला जे हवं होतं ते शरीफा. उलट त्यालाच नवल वाटलं होतं, पण इकडची रीत असेल म्हणून त्यानं पहाटे मंडई गाठून एकेक निवडून आणलं होतं.

बेबीआत्यानं पदर तोंडाला लावला. "वरातवाल्याईले वाटंन, भाजीबाजारात लगन लावून राहिले."

चार बायका हसल्या. उन्नती हसली नाही.

ती सीताफळं शोभेची नव्हती. तो तिचा भाऊ होता. दिवाळी सरली की मोहित सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून गावाकडून सीताफळं आणायचा. तांदळाच्या डब्यात पिकायला घालायचा आणि रोज दाबून बघायचा. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आज नवरदेवाचा कान पिळायला चुलतभाऊ उभा राहणार होता. त्याबद्दल उन्नती काही बोलली नव्हती. तिनं फक्त एवढंच मागितलं होतं, की पाहुणे बसतील त्या प्रत्येक टेबलावर सीताफळ असावं.

बाबा, तेजराम, गाडी काढून बाजारात जाऊन आले. हंगाम सरत आला होता. पिशवीत जी मिळाली ती काळी पडलेली, हात लावताच फुटणारी.

आणि रंभाला मनातून सुटल्यासारखं झालं होतं. स्वतःचीच लाज वाटावी, इतकं.

राजिमच्या संगमावर लेकाच्या अस्थी सोडल्या, तेव्हा पंड्यानं विचारलं होतं, माई, मुलाच्या नावानं कोणतं फळ सोडतेस? रंभानं सीताफळ सोडलं होतं, आता जन्मभर ते तोंडाला लावायचं नाही. तेव्हापासून गल्लीत सीताफळवालीची हाक आली की ती दार लोटून घेई. लेकीला वाटे, आईला फळाची चव राहिली नाही. रंभानं तिला खरं कधी सांगितलं नाही. सांगायचं तर मोहितचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते तिच्यानं होत नव्हतं. लेक हरखून टेबलांचं बोलली, तेव्हाही रंभा नुसतं कर म्हणाली. मग अंथरुणावर पडल्या पडल्या ती टेबलं मोजत राही. तेवढी सीताफळं समोर. त्यांच्यामधून हसत कसं फिरायचं? अक्षता कशा टाकायच्या?

आता ती सीताफळं नव्हती. आणि उन्नती खुर्चीत बसून रडत होती. हळद गालाला लागली होती.

"आई, मले दादा पायजे होता. नुसता टेबलावर तं टेबलावर."

रंभा तिच्याजवळ गेली. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

तेजरामनी घसा साफ केला. उचला म्हणाले सगळी, टेबलं फुलांचीच राहू द्या. आचाऱ्याला देऊन टाका, भाजी तरी होईल. सजावटवाल्याची माणसं कोहळी उचलू लागली. रंभाला तिथं उभं राहवेना. तिनंही एक उचललं आणि हॉलमागच्या स्वयंपाकाकडे निघाली. कोहळं जड होतं. दोन पावलांत ते आपोआप कडेवर गेलं.

मागं शेवंता भाजी चिरत बसली होती. दुर्गकडच्या खेड्यातली, हाताला मोठी चपळ. वांग्यांचा ढीग तिनं बघता बघता संपवला होता. रंभानं कोहळं पुढं ठेवलं, तशी तिनं विळी मागं सरकवली. एखाद्या पुरुष माणसाला बोलवा म्हणाली. पहिला घाव त्यानं घालावा, मग पुढचं मी करते.

"कावून?" रंभानं विचारलं.

शेवंतानं त्या कोहळ्यावरून ओला हात फिरवला.

"हमन माईलोगन कुम्हड़ा ला नइ काटन, बाई. बड़े बेटा आय."

आमच्याकडे हा थोरला मुलगा असतो, आईनं त्याच्यावर विळी कशी चालवावी, असं ती आपल्या बोलीत सांगत राहिली. साधं सांगणं होतं. लहानपणापासून ऐकलेलं. सांगता सांगता तिनं कांदे पुढं ओढले.

रंभा उभीच होती. मग ती वाकली. कोहळं पुन्हा उचललं, पदरानं त्याची माती पुसली, देठापासून खालपर्यंत, हळूहळू. कडेवर घेतलं आणि हॉलमध्ये परतली. सजावटवाल्याच्या माणसांना तिनं हातानंच थांबवलं. ज्या टेबलावरून आणलं होतं, तिथंच, झेंडूच्या कड्यात ते बसवलं. बेबीआत्या काही बोलणार होत्या. रंभाचं तोंड पाहून त्यांनी झेंडूचं कडं सारखं केलं.

रंभा लेकीपुढं खाली बसली. तिच्या गालाची हळद बोटानं सारखी केली. शेवंताचा शब्द न् शब्द तिला सांगितला. मग राजिमनंतर पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं.

"ऊठ, तोंड धू. मोहित आला तुहा. पाय, कसा टेबलाटेबलावर बसून राहिला."