अनवाणी नवरात्र

गोणपाटावर रक्ताचे ठिपके होते आणि कुणालाच काही लागलेलं नव्हतं. छायाने आपली बोटं पाहिली, नवऱ्याची, समाधानची पाहिली. दसरा उद्यावर आलेला, अंगणात झेंडूचा ढीग आणि हार ओवायची घाई. अशा घाईत एखादी सुई बोटात जायचीच. पण हे ठिपके ढिगापासून थेट ओट्यापर्यंत गेले होते, आणि तिथे तिची सासू चिमणाबाई उभी होती. अनवाणी.

नवरात्रात चिमणाबाई चप्पल घालत नसत. साखरेचा आजार जडला, गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी बजावलं की यात पायाला लागलेलं कळेनासं होतं, घरातसुद्धा चप्पल हवी, रोज तळवे निरखून बघायला हवेत, तरी नाही. वर्षभर डॉक्टरांचं ऐकायचं, नवरात्रात देवीचं. त्यांच्या जावेचं, कुसाबाईंचं पाऊल एका साध्या फोडापायी कापावं लागलं होतं. पण कुसाबाईंनी म्हणे नवस फेडला नव्हता. आता यावर कुणी काय बोलावं?

छाया ओट्याशी गेली. "आत्याबाई, बसा. पाय बघू द्या."

"सुनेनं सासूचे तळवे तपासायचे? टेम्पो येईल आता, हार ओव."

"मग पाया तर पडू द्या."

याला मात्र नाही म्हणता येईना. चिमणाबाई ओट्यावर टेकल्या. छाया वाकली, नमस्कार केला आणि घोटा घट्ट धरून पाऊल वर उचललं. टाचेत हार ओवायची लांब सुई रुतली होती. नाकं तेवढं बाहेर होतं.

"गाडी काढा," ती समाधानला म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"कशाला? मला काहीच नाय लागलं," चिमणाबाई म्हणाल्या. आवाजात चांगलाच तोरा होता. "यंदा काटासुद्धा टोचला नाय. गडावरच्या आईनं लय सांभाळलं."

छायाने पाऊल त्यांच्याच मांडीवर आडवं ठेवलं. चिमणाबाईंनी मान वाकवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी ओट्याची कड धरली, डोळे घट्ट मिटले, दात आवळले.

छायाने चिमटीत नाकं पकडलं.

"हं," चिमणाबाई तशाच डोळे मिटून म्हणाल्या. "ओढ आता एकदाची."

"ओढली, आत्याबाई," छाया म्हणाली. "कधीच ओढली."