तिसऱ्यांदा तोच धडा

बायकोची दरवर्षी बदली व्हायची. दरवर्षी नवं राज्य, लेकीची नवी शाळा.

"आज काय शिकवलं गं?" व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्या बापाने विचारलं.

"विशेषण," बुटाची नाडी सोडत लेक म्हणाली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. पाचवीत विशेषण, सहावीत विशेषण, आणि आता सातवीतही? कार्टी शाळेला दांड्या मारतेय आणि बापालाच शेंडी लावतेय! त्याने तिचं दप्तर पलंगावर पालथं केलं.

"आई शप्पथ, बाबा! तेच शिकवलं," ती रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी तो तडक शाळेत जाऊन थडकला.

"रोज येते हो ती," बाईंनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. "हा धडा तुमच्या आधीच्या राज्यांत पाचवीला किंवा सहावीला असेल. आमचा अभ्यासक्रम वेगळा, आमच्याकडे सातवीला आहे."

त्याने मुखपृष्ठ उलटून पाहिलं; लेखक म्हणून त्याचंच नाव होतं. राज्याराज्यांच्या अभ्यासक्रमात बसवण्यासाठी हा धडा एकेक इयत्ता वर ढकलणारा तो स्वतःच होता.

धड्यातलं पहिलं वाक्यही त्यानेच लिहिलेलं:



'माझी मुलगी प्रामाणिक आहे.'