पासष्ट पूर्ण

गवंडीकाकांनी केसांना कलप लावला होता. कानामागे तो थोडा पसरला होता, आणि रक्तपेढीतल्या बाईंच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

"काय काका, लग्नबिग्न ठरलंय की काय?"

काका हसले. बाही कोपराच्या वर दुमडून, कुणी न सांगता खुर्चीत रेलले. बाईंनी बोटाला टोचून थेंब तपासला. रक्त उत्तम होतं, दाबही ठीक. मग त्यांनी ओळखपत्र मागितलं आणि त्यावरची जन्मतारीख पाहिली.

"पासष्ट पूर्ण झाली, काका. आता नाही घेता येणार."

"परवाच तर झाली. अजून परांचीवर चढतो मी."

"नियम आहे हो."

"एवढ्या वेळी घ्या. कोण विचारतंय?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्यांच्या बोटावर कापूस ठेवला.

काकांची मुलगी पलीकडच्या खोलीत होती. तिला लहानपणापासून रक्त चढवावं लागे, आणि त्या बदल्यात बापाने रक्तपेढीत देत राहायचं हे ठरूनच गेलं होतं. आता तिची नोकरी, तिचं बिऱ्हाड, सगळं वेगळं होतं. तिचा फोन यायचा तो एवढ्यापुरताच: अमुक दिवशी या. बापलेकीचं भांडण मुळीच नव्हतं. बोलायला विषय नव्हता, इतकंच. त्या एका फोनवर काका तीन-तीन महिने काढायचे.

ते तिच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. पिशवी लावलेली होती. कुणाची, कोण जाणे.

"झालं देऊन?" मुलीने मोबाइलवरून नजर न काढता विचारलं.

"नाही घेतलं. वय झालं म्हणाल्या."

आता तिने वर पाहिलं. "बरंच झालं की, बाबा. किती वर्षं दगदग केलीत. इथे आता देणारे मिळतात, काळजी करू नका."

"मग पुढच्या वेळी कधी येऊ?"

"आता कशाला?" ती मायेनेच म्हणाली. "घरी आराम करा."

काका स्टुलावर टेकले. "ही पिशवी संपेपर्यंत बसतो."

"बसा ना." ती पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.

पिशवी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. थेंब सावकाश पडत होते. आणखी सावकाश पडावेत, असं काकांना फार वाटत होतं.

नर्स आत आली. "थेंब जरा वाढवू का? लवकर मोकळ्या व्हाल."

"वाढवा," मुलगी म्हणाली. "बाबांनाही जायला उशीर नको."