खोलीतला माणूस
पुण्याला नोकरी करणाऱ्या विकासनं केनवडच्या घरात स्मार्ट पंखे बसवले. खोलीत कुणी हाललं नाही, की पंखा आपोआप बंद, विजेची बचत! पण लकव्यानं खाटेला खिळलेला बाप हालणार कसा? भर मे महिन्यात पंखा थांबायचा अन् दौलतराव घामानं निथळायचे. तुळसाबाईनं फोन केला, तर पोरगा म्हणतो, "बाबाले म्हण, अधूनमधून हात हालवत जा." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोठ्यात ठेवलेलं, नवऱ्याचाच जुना सदरा घातलेलं बुजगावणं तिनं उचललं आणि पंख्याखाली उभं केलं. तिच्या हालचालीनं सुरू झालेल्या पंख्याच्या वाऱ्यानं बाह्या फडफडल्या, पंख्याला माणूस दिसला, पंखा गरगरत राहिला. दुसऱ्या दिवशी विकासचा फोन. "आई, मोबाइलवर पंखा कालपासून चालूच दिसून राह्यला. खोलीत कोण हाये?" तुळसाबाईनं नवऱ्याच्या भुरभुरणाऱ्या केसांवरून हात फिरवला. "तुहा बाप हाये! अन् पैलेबी होता!"